आयसीयूत ओपिऑइड चालू असताना इम्युनिटी कशी सांभाळायची : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सेप्सिसच्या (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडू लागलेल्या) पेशंटला मॉर्फिन किंवा फेंटानिलसारखं ओपिऑइड (अफूच्या जातीचं तीव्र वेदनाशामक) चालू असलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक चूक होते. एक तर कोणीतरी वाचलेलं असतं की ओपिऑइडने इम्युनिटी कमी होते, मग राउंडला औषधाचा पंप एकदम निम्म्यावर येतो आणि पेशंट दिवसभर तळमळतो. नाहीतर या विषयाकडे कुणाचं लक्षच नसतं, पहिल्या रात्री जो रेट लावला तोच आठवडाभर चालू राहतो. इन्फेक्शनचा धोका दोन्हीकडे वाढतो, कारण न आवरलेली वेदनाही शरीराला तेवढीच महागात पडते.

हे आयसीयूतले रेसिडेंट आणि नर्सिंग स्टाफ यांच्यासाठी लिहितोय. नातेवाईकांनी वाचलं तरी चालेल, पण यातले डोस वाचून कुणाचा पंप ठरवायचा नाही, तो बेडजवळच्या टीमनेच ठरवायचा. माझं सांगणं एवढंच की दुखणं पूर्ण ताब्यात ठेवायचं, त्यासाठी ओपिऑइड लागलं तर बिनधास्त द्यायचं, पण एकूण किती जातंय, किती दिवस जातंय आणि त्या काळात आतडं आणि फुफ्फुस कोण बघतंय, या तीन गोष्टींचा रोज हिशोब हवा.

## सुरुवात करण्याआधी : धोका नेमका कुठून येतो

तीन वाटा आहेत, आणि लोक फक्त पहिलीबद्दल बोलतात.

पहिली वाट म्हणजे थेट पेशींवरचा परिणाम. पांढऱ्या पेशींवर ओपिऑइडचे रिसेप्टर असतात, त्यामुळे नॅचरल किलर पेशींचं काम मंदावतं, मॅक्रोफेज जंतू गिळायला कमी पडतात, टी-पेशींचा प्रतिसाद बदलतो. मेंदूमार्गेही परिणाम होतो, सिंपथेटिक नर्व्ह आणि पिट्युटरी-ॲड्रिनल साखळीतून. यातलं बरंचसं प्राण्यांवर आणि लॅबमधल्या पेशींवर दिसलेलं आहे. निरोगी माणसांना मॉर्फिन दिल्यावर नॅचरल किलर पेशी मंदावल्याचंही दिसलंय.

दुसरी वाट आतड्याची. ओपिऑइडने आतड्याची हालचाल थांबते, आतले जंतू बदलतात, वाढतात, आणि आतड्याची भिंत गळकी झाली की जंतू आणि त्यांचं विष रक्तात जायची सोय होते. तिसरी वाट फुफ्फुसाची : पेशंट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, कफ साठतो, गुंगीत घशातलं खाली उतरतं, व्हेंटिलेटरचे दिवस वाढतात आणि न्यूमोनिया होतो.

पहिल्या वाटेवर तुम्हाला बेडजवळ उभं राहून फार काही करता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर मात्र प्रत्येक शिफ्टला करता येतं, म्हणून खालचा सहावा टप्पा पूर्ण त्यावरच आहे.

माणसांतला पुरावा कितपत आहे हेही माहीत असू द्या. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) योजनेतल्या पेशंटवर २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासात, ओपिऑइडच्या गोळ्या चालू असलेल्यांमध्ये न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूच्या गंभीर इन्फेक्शनची शक्यता साधारण १.६ पट दिसली. पण ते पेशंट आयसीयूतले नव्हते, आणि असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. आयसीयूत तर हे वेगळं काढणं आणखी अवघड, कारण जो पेशंट जास्त आजारी त्यालाच जास्त ओपिऑइड लागतं आणि इन्फेक्शनही त्यालाच जास्त होतं. म्हणून या माहितीवरून औषध बंद करायचं नाही, वापरायची पद्धत सुधारायची.

ध्यानात ठेवा : वेदनेने कॉर्टिसोल आणि ॲड्रिनलिन वाढतात, आणि त्याने इम्युनिटी दबतेच. बरगड्या मोडलेल्या पेशंटचं दुखणं कमी केलं नाही तर तो खोकणार नाही, आणि मग इन्फेक्शन छातीतूनच सुरू होईल.

## टप्पा १ : पंपाला हात लावण्याआधीची तयारी

ही माहिती आधी गोळा करा आणि चार्टवर एकाच जागी लिहा, पाच ठिकाणी विखरून नको.

पेशंट आधीपासून ओपिऑइड घेत होता का? ट्रॅमाडॉलच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ब्युप्रेनॉर्फिन, फेंटानिलचा पॅच, सगळं विचारा. नातेवाईकांना "आधी काही औषध चालू होतं का" असं विचारलं तर बीपी-शुगरचं सांगतात, म्हणून नाव घेऊन विचारा, पाठीचा पॅच तर पेशंटला कुशीवर वळवून स्वतः शोधा. बरेच महिने ओपिऑइड घेणाऱ्यांमध्ये ॲड्रिनल ग्रंथी सुस्त असू शकते, अशा पेशंटचं बीपी प्रेसर (बीपी वाढवणारी औषधं) वाढवूनही उठत नसेल तर हे कारण आठवायला हवं.

किडनी कशी आहे, लिव्हर कसं आहे, पोट फुगलंय का, शेवटची शौच कधी झाली. मग बाकीची औषधं, आणि इथेच जास्त घोटाळे होतात, कारण इन्फेक्शनसाठी दिलेलं औषधच ओपिऑइडची पातळी बदलतं. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांनी फेंटानिलची पातळी चढते. रिफाम्पिसिनने उतरते. लिनेझोलिड चालू असेल तर ट्रॅमाडॉल आणि पेथिडिन टाळायचं, फेंटानिल देतानाही लक्ष ठेवायचं, कारण सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो : ताप, थरथर, पाय ताठ, नाडी वेगात, आणि बघणाऱ्याला वाटतं सेप्सिस वाढलं.

तपासा : आज नवीन अँटिबायोटिक किंवा अँटिफंगल सुरू झालंय का? झालं असेल तर ओपिऑइडचा रेट आजच परत बघायचा, उद्याच्या राउंडपर्यंत थांबायचं नाही.

## टप्पा २ : वेदना मोजा

पेशंट बोलू शकत असेल, मान हलवू शकत असेल तर ० ते १० मध्ये त्यालाच विचारा. "काका, दुखतंय का? कुठे ते बोटाने दाखवा" एवढं विचारायला वेळ लागत नाही, आणि स्वतः पेशंटने सांगितलेल्या आकड्याला दुसरा पर्याय नाही.

बोलता येत नसेल तर सीपीओटी किंवा बीपीएस (पेशंटच्या वागण्यावरून वेदना मोजायचे स्कोअर) वापरा. सीपीओटीमध्ये चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळणं (ट्यूब नसेल तर आवाज) असे चार भाग, प्रत्येकाला ० ते २, एकूण ८. ३ किंवा जास्त आले तर दुखतंय असं धरायचं. बीपीएस ३ ते १२ असतो, ५ च्या वर गेला की दुखणं आहे. दोन्हीपैकी कुठलाही चालेल, पण युनिटमध्ये सगळ्यांनी एकच वापरा, नाहीतर सकाळचा ४ आणि रात्रीचा ६ यांची तुलनाच करता येत नाही.

स्कोअर दोनदा घ्यायचा : पेशंट शांत पडलेला असताना आणि कूस बदलताना. शांत असताना ० आणि वळवताना ६ असेल तर त्याला दिवसभराचा जास्त रेट नकोय, वळवण्याआधी एक बोलस (एका वेळी दिलेला छोटा डोस) हवाय. हा फरक कळला तर कित्येक पेशंटचं एकूण ओपिऑइड बरंच खाली येतं.

चूक : नाडी १२० म्हणजे दुखतंय असं धरून रेट वाढवणं. नाडी-बीपीवरून फक्त शंका घ्यायची, मग स्कोअर करायचा. नाडी तापाने वाढते, रक्त कमी झाल्याने वाढते, सेप्सिसने वाढते, आणि फेंटानिलने ती दाबली तर खरं कारण तसंच राहतं.

सावध : स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर कुठलाच स्कोअर चालत नाही. तिथे आधी पुरेशी वेदनाशामक आणि गुंगी, मगच पॅरालिसिस, हा क्रम कधीच उलटा नको.

## टप्पा ३ : दुखण्याचं कारण बघा

लघवीची नळी ब्लॉक आहे का, ट्यूब ओठाला टोचतेय का, हात वाकडा अडकलाय का, सलाईन शिरेबाहेर गेलंय का, पोट ताठ झालंय का. दोन मिनिटांचं काम आहे. नवीन ठिकाणी नवीन दुखणं सुरू झालं असेल तर ते इन्फेक्शनचं पहिलं लक्षण असू शकतं (ऑपरेशननंतर वाढत जाणारं पोटाचं दुखणं विशेषतः), म्हणून डोस द्या आणि कारणही शोधा, दोन्ही एकाच वेळी.

## टप्पा ४ : आधी बिगर-ओपिऑइड पाया घाला

बहुतेक युनिटमध्ये क्रम उलटा असतो, आधी फेंटानिल आणि मग तीन दिवसांनी कुणाला तरी पॅरासिटामॉल आठवतं. पाया पहिल्याच दिवशी घाला.

पॅरासिटामॉल नेमाने द्या, मोठ्या माणसाला साधारण १ ग्रॅम दर ६ तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, वजन कमी असेल किंवा लिव्हर खराब असेल तर त्याहून कमी. शिरेतून दिल्यावर बीपी उतरू शकतं, प्रेसरवरच्या पेशंटमध्ये हे बघत बघत द्यायचं. दुसरी अडचण म्हणजे ताप झाकला जातो. दर ६ तासांनी पॅरासिटामॉल घेणाऱ्या पेशंटला ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही असं समजू नका.

नर्व्हचं दुखणं असेल, जळजळ किंवा करंट लागल्यासारखं, तर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन. किडनी बघून डोस, आणि गुंगी वाढते हे धरून चाला.

ऑपरेशननंतरच्या पेशंटमध्ये कमी डोसचं केटामिन : साधारण मिनिटाला किलोमागे १ ते २ मायक्रोग्रॅम एवढं इन्फ्युजन (पंपाने सतत जाणारं औषध), त्याने ओपिऑइड कमी लागतं. डेक्समेडेटोमिडीन गुंगीसाठी चालू असेल तर त्यानेही ओपिऑइडची गरज थोडी घटते, पण नाडी आणि बीपी खाली जातं.

डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक यांच्या बाबतीत माझं मत कडक आहे. सेप्सिस, हललेली किडनी, कमी प्लेटलेट, यातलं काहीही असेल तर नेमाने देऊ नका. ओपिऑइड वाचवायच्या नादात डायलिसिस ओढवून घेण्यात काय अर्थ!

बरगड्या, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन असेल तर ॲनेस्थेशियाच्या टीमला ब्लॉक किंवा एपिड्युरल (नर्व्हजवळ किंवा पाठीच्या कण्याजवळ औषध सोडून तेवढा भाग बधिर करणं) याबद्दल पहिल्याच दिवशी विचारा. जमलं तर ओपिऑइड खूप कमी लागतं आणि पेशंट खोकायला लागतो. मात्र आधी प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), हेपरिनच्या वेळा बघायच्या, टोचायच्या जागी इन्फेक्शन नको, आणि अंगात सेप्सिस जोरात असताना एपिड्युरलचा निर्णय अनुभवी माणसानेच घ्यायचा.

छातीची नळी काढण्याआधी जागेवर बर्फाचा पॅक, मसाज, गाणी, हेही करा. इम्युनिटीवर याचा वाईट परिणाम शून्य आहे.

## टप्पा ५ : ओपिऑइड निवडा आणि बोलसने सुरू करा

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लॅबमधल्या अभ्यासांवरून यादी फिरते की मॉर्फिन आणि फेंटानिल इम्युनिटीला जास्त दाबतात, तर ट्रॅमाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन, हायड्रोमॉर्फोन कमी. ती यादी बघून लोक व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला ट्रॅमाडॉल सुरू करतात. ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते, लिनेझोलिडशी जमत नाही, आणि काही लोकांचं लिव्हर त्याचं कामाच्या रूपात रूपांतरच नीट करत नाही म्हणून दुखणं तसंच राहतं. आयसीयूतल्या पेशंटसाठी या यादीवरून औषध बदलावं एवढा पुरावा आज नाही. निवड किडनी, लिव्हर, बीपी आणि किती दिवस लागणार यावर करा.

किडनी खराब असेल तर मॉर्फिन नको, त्याचे तुकडे (एम-६-जी आणि एम-३-जी) साठतात आणि पेशंट दिवसेंदिवस उठत नाही. बीपी डळमळीत असेल किंवा दमा असेल तरी मॉर्फिन मागे ठेवा, ते हिस्टामिन सोडतं. फेंटानिल बीपीला बरं, पण चरबीत साठतं, तीन-चार दिवस चालवलं की बंद केल्यावर उतरायला खूप वेळ घेतं, ते "कमी वेळ टिकणारं औषध" फक्त पहिल्या काही डोसपुरतं. रेमिफेंटानिल किडनी-लिव्हरवर अवलंबून नाही, पण बंद केलं की मिनिटांत उतरतं आणि मागे दुखणं उसळू शकतं, म्हणून दुसरी सोय लावूनच बंद करायचं. पेथिडिन आयसीयूत नकोच.

आता क्रम.

१. आधी बोलस. ओपिऑइड आधी न घेतलेल्या मोठ्या माणसाला फेंटानिल साधारण २५ ते ५० मायक्रोग्रॅम, किंवा मॉर्फिन २ मिलिग्रॅम, म्हातारा-अशक्त असेल तर त्याहून कमी, आणि हळू. फेंटानिल मोठ्या डोसमध्ये भसकन दिलं तर छाती ताठ होऊन व्हेंटिलेटरचं प्रेशर चढतं.

२. थांबा. फेंटानिलला ३ ते ५ मिनिटं, मॉर्फिनला १५ ते २० मिनिटं. परत स्कोअर.

३. अजून दुखत असेल तर परत तोच बोलस, परत थांबा, परत स्कोअर.

४. तासा-दोन तासांत दोन-तीन बोलस लागतच असतील तरच इन्फ्युजन लावा किंवा रेट वाढवा. नुसता रेट वाढवला तर नवीन पातळी यायला तास लागतात, तोवर सिस्टर आणखी वाढवते, मध्यरात्रीपर्यंत सगळं एकदम चढतं आणि सकाळी पेशंट उठत नाही.

५. रेट का वाढवला ते शेजारीच लिहा. "ड्रेसिंगसाठी वाढवला" असं लिहिलं असेल तर ड्रेसिंग झाल्यावर कमी करायची आठवण राहते. कारण न लिहिलेला रेट कोणी कमी करत नाही.

ड्रेसिंग, सक्शन, नळी काढणं, वळवणं या सगळ्याला वेळ साधून बोलस. मॉर्फिन देऊन दुसऱ्या मिनिटाला नळी ओढली तर पेशंटला दुखलंही आणि औषधही गेलं.

तपासा : गुंगीचं टार्गेट आरएएसएस (गुंगी मोजायची पट्टी) −२ ते +१ असं लिहिलंय का? हलक्या गुंगीतला पेशंट स्वतः सांगतो कुठे दुखतंय. गुंगीसाठी ओपिऑइड वाढवू नका, आणि दुखण्यासाठी प्रोपोफॉल (गुंगीचं औषध) वाढवू नका.

सावध : व्हेंटिलेटर नसलेल्या पेशंटला ऑक्सिजन चालू असेल तर सॅच्युरेशन ९८ दाखवत राहतं आणि आत कार्बन डायऑक्साइड चढतो. श्वासाचा रेट मोजा आणि गुंगी बघा, गुंगी आधी वाढते, श्वास नंतर थांबतो. नॅलोक्सोन (ओपिऑइडचा उतारा) द्यावं लागलं तर थोडं थोडं, ०.०४ मिलिग्रॅमने सुरुवात करा. श्वास परत आला की पुरे, पूर्ण ०.४ एकदम दिलं तर दुखणं आणि विड्रॉवल (ओपिऑइड एकदम सुटल्याचा त्रास) दोन्ही अंगावर येतं. श्वास अगदीच थांबला असेल तर आधी बॅगने श्वास द्या, नंतर हिशोब.

## टप्पा ६ : पहिल्याच दिवसापासून आतडं आणि फुफ्फुस

ओपिऑइड लिहिलं त्याच वेळी शौचाचं औषधही लिहा. बिसाकोडिल किंवा सेना, सोबत लॅक्टुलोज किंवा पॉलिथिलीन ग्लायकॉल. इसबगोलसारखा भुसा नको, थांबलेल्या आतड्यात तो गोळा होऊन बसतो. आतडं अडकलेलं असेल, पोट ताठ असेल, प्रेसर खूप जास्त असतील तर जुलाबाचं औषध देण्याआधी सीनिअरला विचारा. रोज लिहा : शौच झाली का, पोटाचा घेर, फीड सहन होतंय का. तीन दिवस शौच नाही तर बोट घालून तपासा, बऱ्याचदा खाली खडा अडकलेला असतो आणि बाजूने पातळ झिरपत असतं, त्याला जुलाब समजून औषध बंद केलं जातं.

पोटातून फीड शक्य तेवढ्या लवकर सुरू करा, थोडं का होईना, आतड्याच्या भिंतीला त्यानेच पोषण मिळतं. मिथिलनॅलट्रेक्सोनसारखी (आतड्यावरचा ओपिऑइडचा परिणाम रोखणारी) औषधं ओपिऑइडमुळेच झालेल्या बद्धकोष्ठात कधीकधी कामाला येतात, पण आयसीयूत सगळ्यांना सरसकट देऊन फायदा दिसलेला नाही.

फुफ्फुसासाठी तेच जुनं, पण न चुकता : डोकं ३० ते ४५ अंश वर, तोंडाची स्वच्छता, फिजिओथेरपी, लवकर बसवणं, रोज गुंगी थांबवून बघणं आणि श्वासाची ट्रायल (पेशंट स्वतः श्वास घेऊ शकतो का ते बघणं). फिजिओच्या वेळेआधी दुखणं आवरा, म्हणजे पेशंट खरोखर खोकेल.

चूक : पातळ शौच सुरू झाली की लगेच क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूची टेस्ट पाठवणं. आधी बघा जुलाबाचं औषध चालू आहे का, ओपिऑइड नुकतंच कमी केलंय का. पोट ताठ, ताप, पांढऱ्या पेशी एकदम वर असं असेल तर मात्र थांबू नका.

## टप्पा ७ : रोजचा हिशोब

सकाळी राउंडआधी मागच्या २४ तासांची बेरीज करा, इन्फ्युजन अधिक बोलस. समजा फेंटानिल तासाला ५० मायक्रोग्रॅम चालू होतं, ते झालं १२००, त्यात ५० चे ६ बोलस म्हणजे ३००, एकूण १५०० मायक्रोग्रॅम. १०० मायक्रोग्रॅम फेंटानिल म्हणजे शिरेतलं साधारण १० मिलिग्रॅम मॉर्फिन, म्हणजे हा पेशंट दिवसाला १५० मिलिग्रॅम मॉर्फिनएवढं घेतोय. आकडा बघून अनेकजण दचकतात, कारण "५० चालू आहे" ऐकायला किरकोळ वाटतं.

हा आकडा दिवसागणिक कुठे चाललाय ते बघायला वापरा. दुसऱ्या औषधावर जायचं असेल तर सरळ याच हिशोबाने बदलू नका, निघालेल्या आकड्यापेक्षा २५ ते ५० टक्के कमी धरा आणि बोलस हाताशी ठेवा.

बेरीज वाढतेय आणि स्कोअरही वाढतोय तर तीन शक्यता : नवीन दुखणं (कारण शोधा), सहनशीलता (तोच डोस पुरेनासा होणं), किंवा ओपिऑइडमुळेच वाढलेली वेदना. शेवटच्यात दुखणं अंगभर पसरतं, चादरीचा स्पर्शही नको होतो, आणि डोस वाढवला की आणखी बिघडतं. तिथे डोस हळूहळू कमी करून केटामिन जोडायचं.

## टप्पा ८ : कमी करताना, विड्रॉवल की सेप्सिस?

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून जरा सविस्तर.

तीन दिवसांच्या आतलं इन्फ्युजन बहुतेक वेळा लवकर बंद करता येतं. त्याहून जास्त दिवस चाललं असेल तर दिवसाला १० ते २० टक्के कमी करा, दोन-तीन आठवडे चाललं असेल तर त्याहून हळू, आणि गुंगीचं औषध त्याच दिवशी कापू नका, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळणारच नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत मॉर्फिन झटक्यात काढल्यावरही इम्युनिटी दबलेली आणि इन्फेक्शन बळावलेलं दिसलंय, म्हणजे इम्युनिटीसाठी म्हणून एकदम बंद करणं याला काही आधार नाही.

कमी केल्यावर काही तासांत ते दिवसाभरात पेशंट घामाघूम, नाडी १३०, श्वास वेगात, थोडा ताप, बेचैन. मॉनिटरवर हे हुबेहूब सेप्सिस दिसतं. मग कल्चर (जंतू शोधायच्या तपासण्या) जातात, अँटिबायोटिक वाढवलं जातं, सेंट्रल लाइन बदलली जाते, आणि कुणी पंपाकडे बघत नाही.

विड्रॉवलकडे झुकणारी चिन्हं : मोठ्या झालेल्या बाहुल्या, सारखी जांभई, डोळ्या-नाकातून पाणी, अंगावर काटा, पातळ शौच, उलट्या, आणि मुख्य म्हणजे वेळ, डोस कमी केल्यानंतर सुरू झालेलं.

सेप्सिसकडे झुकणारी : बीपी पडणं, प्रेसर वाढवावा लागणं, लॅक्टेट चढणं, ऑक्सिजन जास्त लागणं, लघवी कमी, प्लेटलेट उतरणं, कफाचा रंग बदलणं, जखमेतून पू.

दोन्ही एकत्रही असू शकतं. म्हणून असं करा : शंका आली की पंपाचा चार्ट आणि पेशंट एकाच वेळी बघा. बीपी पडतंय किंवा लॅक्टेट चढतंय तर कल्चर आणि अँटिबायोटिक लगेच, विड्रॉवलच्या विचारात एक मिनिटही घालवू नका. बीपी स्थिर असेल आणि चिन्हं विड्रॉवलची असतील तर एक छोटा ओपिऑइड बोलस देऊन बघा. काही मिनिटांत घाम, नाडी, जांभई सगळं बसलं तर मागच्या दिवसाच्या रेटवर जा आणि तिथून आणखी हळू उतरा. पण बोलसने शांत झाला म्हणजे सेप्सिस नाही हे सिद्ध होत नाही, कारण सेप्सिसचा पेशंटही फेंटानिलने शांत होतो. तासाभराने परत तपासा.

घाम-नाडीसाठी क्लोनिडीन किंवा डेक्समेडेटोमिडीनची मदत घेता येते. पोट चालत असेल तर नळीतून ओपिऑइडवर आणून शिरेतलं काढणं सोपं जातं. मेथाडोन वापरत असाल तर ईसीजी आधी काढा, ऑन्डॅन्सेट्रॉन, लेव्होफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन सोबत असेल तर क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर, ते लांबलं तर हृदयाची लय बिघडू शकते) लांबतो.

तपासा : आज एकाच दिवशी ओपिऑइड आणि गुंगी दोन्ही कापली का? कापली असतील तर एक परत मागच्या रेटवर.

## टप्पा ९ : नातेवाईकांशी बोलणं आणि वॉर्डात पाठवणं

नातेवाईक विचारतात, "या औषधाने प्रतिकारशक्ती कमी होते म्हणे, बंद करा ना." त्यांना झिडकारू नका, प्रश्न बरोबर आहे. सरळ सांगा : "होय, थोडा परिणाम होऊ शकतो, पण दुखणं तसंच ठेवलं तर त्यानेही होतो आणि त्यांना खोकताही येणार नाही. आम्ही रोज मोजून लागेल तेवढंच देतोय आणि कमी करत आणतोय." आज किती कमी झालं तेही सांगा, माणसं बरीच निश्चिंत होतात.

वॉर्डात पाठवताना हँडओव्हरमध्ये हे असलंच पाहिजे : किती दिवस ओपिऑइड चाललं, शेवटच्या २४ तासांची बेरीज, पुढे रोज किती कमी करायचं आणि बंद करायची तारीख, शौचाचं औषध कधी थांबवायचं, आणि विड्रॉवलची चिन्हं दिसली तर कुणाला फोन करायचा. गॅबापेंटिन, केटामिन, क्लोनिडीन यातलं काही जोडलेलं असेल तर त्याचीही थांबवायची तारीख. आणि पेशंटच्या अंगावर फेंटानिलचा पॅच असेल तर तो कुठे लावलाय आणि कधी बदलायचा, हे कागदावर लिहा आणि वॉर्डच्या सिस्टरला बोटाने दाखवा.